आधी ‘कधी’ विचारा, मग पाना उचला

माझ्याकडे टाटाचा १६१३ ट्रक आहे. २००२चं मॉडेल, इंजिन ६९७ टीसी. गळीत हंगामात ऊस, आणि उरलेल्या दिवसांत जे भाडं मिळेल ते. वीट, खडी, पशुखाद्य, कोकणातून परत येताना चिरा. नवी गाडी का घेत नाही, असं विचारणारे भेटतात. ऊस चार-पाच महिने चालतो. नंतर गाडी उभी राहिली तरी बँकेचा हप्ता काही उभा राहत नाही, एवढंच माझं उत्तर.

दुसरं कारण म्हणजे हे इंजिन. त्याचं घराणं मर्सिडीजचं. टेल्को या टाटांच्याच कंपनीने १९५४ साली डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली. करार १९६९ला संपला, गाडीच्या तोंडावरचा तारा गेला आणि तिथं टी आला. इंजिनाचा वंश मात्र चालूच राहिला. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर, १२८चा स्ट्रोक, एकूण ५,६७५ सीसी. सहा आणि सत्त्याण्णव, म्हणून ६९७. इतकी वर्षं एकच घराणं रस्त्यावर राहिल्यामुळे त्याचा पिस्टन तालुक्याच्या दुकानात मिळतो आणि तो बसवणारा हात गावात मिळतो. बोअर मारायचा असो की क्रँक ग्राइंडिंग, कोल्हापूरच्या उद्यमनगरात सकाळी टाकलेलं काम बऱ्याचदा संध्याकाळी हातात येतं.

या गाडीत कॉम्प्युटर नाही. डिझेल पंप मेकॅनिकल, इंजिनची गती सांभाळणारा गव्हर्नर मेकॅनिकल. नव्या बीएस-६ गाडीला स्कॅनर लावला की कोड येतो आणि निदान काहीतरी सुरुवात होते. आमच्या गाडीला सगळं तोंडी चालतं. आणि म्हणूनच लोक फसतात. गाडी बिघडली की पहिला प्रश्न असतो ‘काय गेलं?’ पंपवाल्याकडे गेलात तर पंप गेलेला असतो, हेडवाल्याकडे गेलात तर हेड. त्यांना नावं ठेवत नाही. ज्याच्या हातात जे काम, त्याला तेच दिसणार. पण गाडीमालकानं तरी पहिला प्रश्न बदलावा. मी विचारतो, कधी होतं? थंड असताना की तापल्यावर? भरलेली असताना की मोकळी? चढाला की सपाटीलाही? टाकीत डिझेल किती होतं? आदल्या दिवशी गाडीला कुणी हात लावला होता का? या शेवटच्या प्रश्नाला ड्रायव्हर सहसा उत्तर देत नाहीत, पण विचारायचं.

गेल्या पावसाळ्यानंतरचं उदाहरण सांगतो. गाडी पशुखाद्य घेऊन रत्नागिरीकडे गेली होती आणि येताना चिरा भरला होता. संध्याकाळी ड्रायव्हरचा फोन, “अण्णा, घाटात चढाला लागली की गाडी मान टाकत्या. हँड प्रायमर मारला की चालू हुत्या, परत जरा वर गेलं की बंद.”

हँड प्रायमर म्हणजे हातानं डिझेल ओढायचा छोटा पंप. घाटाखाली साखरप्याला एका मेस्त्रींनी दोन्ही डिझेल फिल्टर बदलले. कशीबशी वर आली. मलकापूरला दुसऱ्यांनी टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचं किट टाकलं. दोघांचंही मत एकच पडलं, पंपाचे एलिमेंट (आतले दाब देणारे दट्टे) गेलेत, पंप उतरवा. पंप उतरवून टेस्ट बेंचवर चढवायचा म्हणजे मोठा खर्च, वर गाडी तेवढे दिवस उभी.

गाडी दारात आल्यावर ड्रायव्हरला घेऊन बसलो.

“जाताना झालं का असं?”

“न्हाई. जाताना पाण्यावानी गेली.”

“मलकापूरच्या अलीकडं चढ हायतच की. तिथं?”

“तिथं तर टॉपमधी ओढली.”

“डिझेल कुठं भरलंस?”

“निघताना इथंच. टाकी फुल्ल.”

“आणि मागच्या खेपेला एकदा म्हणाला होतास, धक्के मारतीय म्हणून. ते कधी?”

तो जरा थांबला. “तवाबी येतानाच.”

म्हणजे संशयित दोन. एक चढ, दुसरं अर्ध्यावर आलेली टाकी. घाटात दोन्ही एकत्र आले होते आणि सगळ्यांनी चढाला धरलं होतं. दोघांना वेगळं करायचं तर चढ नसलेल्या रस्त्यावर, कमी डिझेलवर गाडी ओढून बघायची. जयसिंगपूर-सांगली रस्ता त्यासाठी चांगला, सगळा सपाट. टाकीत पाव भाग डिझेल, पाठीवर खडी. थोड्याच वेळात गाडीनं तिथंही मान टाकली. जवळच्या पेट्रोल पंपावर टाकी भरली, तीच खडी, तोच रस्ता, काही त्रास नाही. चढ सुटला, टाकी अडकली.

इथं डिझेलचा रस्ता समजून घ्यावा लागतो. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, आणि फीड पंपापासून पुढे ते ढकललं जातं. ढकलणाऱ्या बाजूला भोक असेल तर डिझेल बाहेर गळतं, डोळ्यांना दिसतं. ओढणाऱ्या बाजूला भोक असेल तर थेंबही बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. त्यामुळे “कुठं गळत न्हाई बघा” हे वाक्य अर्ध्या पाइपापुरतंच खरं असतं.

आधी टाकीचं झाकण काढून चालवली. झाकणाचं श्वासाचं भोक मातीनं बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि गाडी अशीच मरते. झाकण उघडताना फुस्स आवाज येतो. आमच्याकडे आवाज आला नाही, फरकही पडला नाही. मग फीड पंपाला येणारा पाइप सोडवून तिथं हातभर पारदर्शक नळी जोडली. इंजिन रेस केलं. नळीत आधी बारीक, मोहरीएवढे बुडबुडे, मग सलग रांग. टाकीच्या पाइपाऐवजी पाच लिटरच्या कॅनमध्ये नळी बुडवली, बुडबुडे बंद. म्हणजे पंप, फीड पंप, फिल्टर सगळे निर्दोष, गुन्हेगार कॅन आणि टाकी यांच्यातल्या फरकात.

टाकीतला ओढीचा पाइप वर खेचून काढला. वरच्या फ्लँजपासून वीतभर खाली, जिथं आधाराची पट्टी डाग देऊन बसवलेली असते, तिथं केसाएवढी चीर. कोरडा पुसला तर दिसत नव्हती. खालचं तोंड बोटानं दाबलं, पाइप बादलीत बुडवला आणि वरून फुंकर मारली, तेव्हा त्या पट्टीच्या कडेनं बुडबुडे आले. डिझेल चिरेच्या वर असेपर्यंत चीर डिझेलमध्ये बुडालेली, हवा कशी येणार? पातळी चिरेखाली गेली की प्रत्येक ओढीला हवा. धुऊन वाळवलेला पाइप वेल्डिंगवाल्याकडं नेला, पितळी डाग मारून घेतला. खर्च दुकानातल्या चहासकट शंभराच्या आत. पंप आजही तोच आहे.

हाच ‘कधी’ आणखी दोन ठिकाणी पंपाचा खर्च वाचवतो किंवा खरंच करायला लावतो. गाडी फक्त सकाळी, रात्रभर उभी राहिल्यावर चालू व्हायला त्रास देते आणि दिवसभर मग अर्ध्या स्टार्टरला उठते, तर डिझेल रात्रीत टाकीकडे परत उतरतंय. तांब्याचे वॉशर, फीड पंपाचा वॉल्व्ह, पाइप जोडणारे बँजो बोल्ट, इथं शोधा. उलट सकाळी टुणकन उठते पण तापून बंद केल्यावर अर्धा तास चालू होत नाही, तर पंपाच्या एलिमेंटकडे संशय जातो. तापलेलं डिझेल पातळ होतं, झिजलेल्या एलिमेंटमधून मागे निसटतं, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल उघडण्याइतका दाब स्टार्टरच्या गतीला तयार होत नाही. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं पोतं टाकतात आणि गाडी चालू होते. त्यात जादू काही नाही, पंप थंड होतो. पण पोतं टाकून गाडी चालू झाली म्हणजे निदान झालं, दुरुस्ती झाली असं नव्हे. तो पंप खरंच बेंचवर न्यायचा.

धुराबद्दल लोकांना बरंच माहीत असतं, म्हणून थोडक्यात. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर क्लीनर बघा, टर्बोच्या रबरी होजचा क्लॅम्प बघा, मगच नोझल. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर डोळ्यांना झोंबत असेल तर न जळलेलं डिझेल. झोंबत नसेल, नुसती वाफ असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. ऑइलच्या काडीवर चहासारखा रंग दिसला तर ऑइलात पाणी गेलंय, गाडी चालवूच नका. काडीवरची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास आला तरी खुश होऊ नका, ऑइलात डिझेल मिसळतंय.

इंजिन एका पायानं लंगडतंय असं वाटत असेल, तर कोणता सिलिंडर काम करत नाही हे पाच मिनिटांत कळतं. इंजिन स्लोवर ठेवायचं, १७-१९चा पाना घ्यायचा आणि पंपाकडून नोझलला जाणाऱ्या पाइपाचा नट एकेक करून थोडा सैल करायचा. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिनचा आवाज लगेच बदलतो, सगळं इंजिन हलतं. जो नट सैल करूनही काही फरक पडत नाही, तोच आळशी. मग त्याचं नोझल शेजारच्या सिलिंडरला बदलून बघायचं. दोष नोझलबरोबर हलला तर नोझल, तिथंच राहिला तर कॉम्प्रेशन किंवा पंपाचा तो एलिमेंट. नट सैल करताना वर चिंधी धरायची आणि बोट फवाऱ्यासमोर अजिबात न्यायचं नाही. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं आणि वरून टाचणीएवढीच खूण दिसते. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका, तडक दवाखाना गाठा.

आता विजेचं. आमच्या भागात अर्ध्या जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या गाण्याच्या टेपमुळे मरतात, असं म्हणालो तर लोक हसतात. गाडी २४ व्होल्टची, १२-१२च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. टेप १२ व्होल्टचा. मग ड्रायव्हर काय करतो, एकाच बॅटरीवरून वायर ओढतो. हल्ली त्याच वायरवर मोबाइलचा चार्जर, केबिनमधला पंखा आणि रंगीत दिव्यांची माळ. आता एका बॅटरीतून जास्त करंट जातो, दुसरीतून कमी. पण आल्टरनेटर दोघींना एकत्रच चार्ज करतो. एक कायम उपाशी, दुसरी कायम अजीर्णानं उकळलेली. सहा महिन्यांत एक बसते, आणि मालक एकच नवी बॅटरी आणून जुनीशेजारी बसवतो, म्हणजे पुन्हा बेजोड जोडी. दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी, एकाच कंपनीच्या, एकाच अँपिअरच्या घ्याव्यात. टेपसाठी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो एका बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. गाण्याला माझा विरोध नाही. कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत रात्र काढायची म्हणजे गाणं लागतंच.

स्टार्टर जड फिरत असेल तर स्टार्टर उतरवण्याआधी अर्थची जोडणी बघा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला लावून कुणालातरी स्टार्टर मारायला सांगा. काटा शून्याच्या जवळ राहायला हवा. एका व्होल्टच्या वर गेला तर इंजिन ते चॅसी ही अर्थची पट्टी गंजलीय. दोन बोल्ट सोडून, पॉलिश पेपरनं घासून, पुन्हा आवळा.

गाडी तापते हीसुद्धा ‘कधी’ची गोष्ट. उभ्या जागी तापते आणि पळायला लागली की थंड होते, तर पंख्याचा बेल्ट, पंखा. स्लोला ठीक पण भरलेल्या गाडीला चढावर तापते, तर रेडिएटर. आमच्याकडे बोअरचं पाणी जड. ते वर्षानुवर्षं ओतलं की आतल्या नळ्यांना पांढरा थर धरतो, मग रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करून घ्यावं लागतं. कूलंट महाग वाटतं, पण एकदा रॉडिंग आणि हेड गॅस्केटचा हिशेब केला की वाटत नाही. हंगामात मात्र आधी बाहेरून बघा. उसाचं पाचट आणि भुसा रेडिएटरच्या जाळीत असा बसतो की समोरून काही दिसत नाही, इंटरकूलर असेल तर दोघांच्या मध्ये गादी तयार होते. पाणी पंख्याच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला मारायचं. समोरून मारलं तर कचरा आणखी आत जातो. तेच पाचट सायलेन्सरच्या पाइपावर आणि जॉइंटच्या भोवती गुंडाळतं. वाळलेलं पाचट आणि तापलेला सायलेन्सर यांची शेजारदारी चांगली नाही. फडातून बाहेर पडल्यावर एकदा खाली वाकून हात फिरवावा.

पुराचंही लिहायलाच हवं, कारण शिरोळ तालुक्यात राहून ते टाळता येत नाही. ऑगस्ट २०१९ला आणि पुन्हा जुलै २०२१ला पंचगंगा-कृष्णेचं पाणी गावात आलं. माझी गाडी दोन्ही वेळा हायवेकडं उंचावर नेली होती. शेजाऱ्यांची एक गाडी २०१९ला दारातच राहिली, पाणी चाकांच्या वर गेलं. पाणी उतरल्यावर त्यांचा मुलगा चावी घेऊनच आला, “अण्णा, स्टार्टर मारून बघू का?”

“हात लावू नको,” म्हटलं. सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि स्टार्टर मारला तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी सगळी नोझल काढली, मग इंजिन हातानं फिरवलं. चेंबरमधून ऑइल काढलं तर खालून आधी पाणी, मग ऑइल. हे सगळे करतात. लोक विसरतात ते गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सलचं हाउसिंग. दोघांना श्वासाची छोटी टोपी असते. गरम हाउसिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि त्या टोपीतून, सीलमधून पाणी आत खेचते. त्या गाडीच्या हाउसिंगमधून बादलीभर पांढुरकं, ताकासारखं ऑइल निघालं. ते तसंच ठेवून गाडी महिनाभर छान चालली असती, आणि मग ऐन हंगामात क्राऊन-पिनियन आणि बेअरिंग गेलं असतं. चारही बाजूंचे हब उघडले, बेअरिंग डिझेलनं धुतली, नवं ग्रीस भरलं. ब्रेकची शू-लायनर उन्हात वाळवून घासली. आल्टरनेटर आणि स्टार्टर उघडून वाळवले. एवढं करून गाडी चालू केली ती पहिल्या झटक्याला नाही, पण उठली. हंगाम तिनं पुरा केला.

पाट्यांचं, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचं आता. माझ्या गाडीला कागदावर गाडीसकट सुमारे १६ टन असतात. फडातून बाहेर पडताना किती असतात ते वजनकाट्यालाच माहीत. मोडलेला पाटा डोळ्यांना दिसतो, पाटे एक्सलला आवळणारा यू-बोल्ट सैल झालेला दिसत नाही. पाट्यांची कमान नवी बांधली की पहिल्या भरलेल्या खेपेनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायलाच हवेत, कारण पाटे एकमेकांत बसतात आणि बोल्ट सैल होतो. मग सगळा भार सेंटर बोल्टवर येतो, तो कापला जातो, एक्सल एका बाजूनं मागे सरकतो आणि गाडी तिरकी चालते. मागून येणाऱ्याला दिसतं, चालवणाऱ्याला फक्त स्टेअरिंग ओढतंय एवढंच जाणवतं. मग तो टायर बदलतो, अलाइनमेंट करतो. सुतळी घ्या, दोन्ही बाजूंना कमानीच्या पुढच्या पिनेपासून एक्सलपर्यंतचं अंतर मोजा. सुतळी खोटं बोलत नाही.

ब्रेकच्या बाबतीत मी ड्रायव्हरशी वाद घालत नाही, सरळ सांगतो. हवेच्या टाकीतलं पाणी रोज सोडायचं, पावसाळ्यात दोनदा. पाण्याबरोबर काळं ऑइल जास्त येत असेल तर कॉम्प्रेसरच्या रिंग बघायच्या. इंजिन बंद करून, ब्रेक दाबून धरून काटा बघायचा. पडत असेल तर आवाजाच्या मागे जायचं, साबणाचं पाणी लावायचं. आणि घाट उतरण्याआधी स्लॅक अ‍ॅडजस्टर, म्हणजे ब्रेकची ढिलाई काढणारा तुकडा. चाकाखाली दगडाची ओट लावून, पार्किंग ब्रेक सोडून, हवेनं ब्रेक ढकलणाऱ्या बूस्टरच्या दांड्यावर खडूनं खूण करायची, दुसऱ्यानं ब्रेक दाबायचा, खूण किती बाहेर आली ते बघायचं. एका एक्सलच्या दोन्ही चाकांना सारखी यायला हवी, आणि दीड-दोन इंचांवर जात असेल तर अ‍ॅडजस्टर आवळायचा. हे महत्त्वाचं अशासाठी की सपाटीला सैल ब्रेकही लागतो, काही कळत नाही. उतारावर ड्रम तापून फुगतो, दांड्याची धाव आणखी वाढते, आणि मग पायाखाली हवा पुरेशी असूनही शू ड्रमला टेकत नाही. “ब्रेक फेल झाले” म्हणून ज्या बातम्या येतात त्यांतल्या कितीतरींत काहीच तुटलेलं नसतं. उतरताना चढाचाच गिअर, एक्झॉस्ट ब्रेक चालू. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्या ड्रायव्हरला मी दुसऱ्या दिवशी गाडी देत नाही. या बाबतीत गावात माझं नाव खराब आहे, असू दे.

पासिंगचं थोडं. आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. ऑगस्ट २०२१मध्ये स्क्रॅप धोरण आल्यापासून १५ वर्षांपुढच्या गाड्यांकडं सगळेच पाहुण्यासारखं बघतात, आणि फीसुद्धा तशीच वाढली आहे. हिशेब करावाच लागतो. माझा हिशेब सरळ आहे. चॅसीला तडा गेला किंवा क्रँक घासत घासत शेवटच्या साइझवर जाऊनही उरला नाही, तर गाडी देऊन टाकायची. तोवर नाही. धुराच्या तपासणीची पैज पंप आणि नोझल ठीक ठेवून जिंकता येते. पासिंगच्या आदल्या दिवशी पंपाचं डिझेल कमी करून घेणारे आहेत, पण मग दुसऱ्या दिवशी भरलेली गाडी ओढत नाही आणि ड्रायव्हर पुन्हा वाढवून घेतो. मध्ये पंपवाल्याचं तेवढं भलं होतं.

पार्टांत डुप्लिकेटचा सुळसुळाट आहे. आरसा, मडगार्ड, दिवा कसाही चालेल. ऑइल फिल्टर, हेड गॅस्केट, व्हील बेअरिंग आणि ब्रेकचं डायफ्रॅम या चार जागी मी पैसे वाचवत नाही. जुन्या गाडीचा जुना ओरिजिनल पार्ट बऱ्याचदा नव्या डुप्लिकेटपेक्षा बरा निघतो, म्हणून शिरोली-सांगली फाट्याकडं गेलो की भंगारवाल्याकडं एक चक्कर असतेच.

यंदाची तयारी जवळजवळ झाली आहे. ग्रीस, कमान, ब्रेक, बॅटऱ्या, रेडिएटर उरकलं. एक काम उरलंय, तिसरा गिअर उडतो. कधी? ओढताना नाही. उतरणीला अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की लिव्हर आपोआप न्यूट्रलला येतो. ओढताना दातांची एक बाजू काम करते, उतरताना दुसरी. म्हणजे एकतर वरच्या कव्हरमधली लॉकची स्प्रिंग आणि गोळी दमलीय, किंवा दुसऱ्या बाजूचे दात गोल झालेत. उतरणीलाच होतंय म्हणून ते काम संपेपर्यंत गाडी घाटात पाठवणार नाही. रविवारी वरचं कव्हर उघडतोय. स्प्रिंग मोडलेली निघाली तर जेवणाआधी गाडी तयार. दात गेलेले निघाले तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल, आणि कारखान्याचा बॉयलर पेटायला फार दिवस राहिलेले नाहीत. कुणाकडं जीबीएस-४० गिअरबॉक्सचा तिसरा गिअर आणि त्याची स्लीव्ह चांगल्या हालतीत असेल, तर कळवा. फोटो पाठवताना दातांच्या दोन्ही बाजूंचा पाठवा.